संसाराचा हिशेब आणि घरातले मौन

सासू-सुनांचे का पटत नाही, असे विचारले की आपल्याकडे ठराविक उत्तरे मिळतात. स्वभाव जुळत नाही, मानपान सांभाळला जात नाही, नातवंडांचे फार लाड होतात, शाब्बाथचे जेवण कोणाकडे यावरून मने दुखावतात. या यादीत पैशाचे नाव सहसा येत नाही. पैशावरून घरात वाद झाला असे कबूल करणे आपण कमीपणाचे मानतो. वस्तुतः यांतील बऱ्याच तक्रारी थोड्या खोल जाऊन पाहिल्या, तर तळाशी एखादा न बोललेला व्यवहार आढळतो. कोणी काहीतरी दिलेले असते, कोणी काहीतरी घेतलेले असते आणि ते काय म्हणून दिले-घेतले, हे मात्र कोणीच उच्चारलेले नसते. हे मौन आपल्या कुटुंबांना महाग पडत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मौन आपल्याकडे आले कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे पाहावे लागेल. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत, तेव्हा घाणा एक, चूल एक आणि गाठही एकच होती. पुढे मुंबईस येऊन मंडळी रेल्वेत, गिरण्यांत, लष्करात आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीस लागली, तरी पद्धत तीच राहिली. पहिल्या तारखेस पगाराचे पाकीट आईच्या हाती जाई. शिक्षिका किंवा परिचारिका असलेल्या सुनाही आपला पगार सासूच्या स्वाधीन करीत. सुनेला स्वतः कमावलेल्या पैशांतून बसभाड्यासाठी हात पसरावा लागे, हा त्या पद्धतीतील अन्याय होता आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु तीत एक गुण होता. तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असे. व्यवस्था अन्यायाची होती, पण संदिग्ध नव्हती. सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट बोलून दाखविण्याची गरज पडत नाही. त्यामुळे पैशाविषयी न बोलण्याची सवय आपल्याला लागली.

इस्रायलमध्ये आल्यावर ही व्यवस्था मोडली. बेर्शेबा, डिमोना, अश्दोद, लोद येथील शिकूनच्या दोन खोल्यांत तीन पिढ्या मावेनात. मुले लग्न होताच वेगळी राहू लागली. पगार पाकिटातून न येता बँकेत जमा होऊ लागला. मुलांचा भत्ता बितुआह लेउमीने आईच्या खात्यात, म्हणजे आपल्या सुनेच्या खात्यात भरावयास प्रारंभ केला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही म्हण काळाने खरी करून दाखविली. आता निदान पैशावरून तरी भांडण उरणार नाही, असे अनेकांना वाटले. व्यवस्था गेली, न बोलण्याची सवय मात्र राहिली.

आणि पैसा दुसऱ्या दाराने परत आला. ते दार म्हणजे मश्कांता. २०१२ सालापासून बँक ऑफ इस्रायलच्या नियमानुसार पहिल्या घरासाठी घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के कर्ज मिळते. उरलेले २५ टक्के स्वतःचे असावे लागतात. घर २० लाख शेकेलचे असेल, तर नवदांपत्याने ५ लाख शेकेल आधी उभे करावयाचे. नुकत्याच नोकरीस लागलेल्या दोन तरुणांजवळ एवढी रक्कम कोठून असणार? ती आईवडिलांकडून येते. कधी मुलाच्या, कधी मुलीच्या, कधी दोघांच्या.

हे आईवडील कोण आहेत, हेही पाहिले पाहिजे. त्यांतील पुष्कळांनी कारखान्यांत आयुष्य काढले. या देशात सर्व नोकरदारांसाठी निवृत्तिवेतनाची तरतूद सक्तीची झाली ती २००८ च्या जानेवारीपासून. तोवर ज्यांची उमेदीची वर्षे सरली होती, त्यांच्यापैकी अनेकांजवळ बितुआह लेउमीचे वृद्धत्ववेतन, नोकरी सोडताना मिळालेले पित्सुईम आणि राहते घर यांपलीकडे काही नाही. त्या पित्सुईममधून ते मुलाच्या घराला हातभार लावतात. म्हणजे ते शिल्लक रकमेतून देत नाहीत. आपल्या म्हातारपणातून देतात.

अशा वेळी आपल्या घरांत काय घडते? एका घरची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव देत नाही. सासऱ्यांनी मुलास ३ लाख शेकेल दिले. त्यांच्या मनात होते की, हे उसने आहे. मुलाचा जम बसला की तो फेडील. मुलाने वडिलांना ‘हो बाबा’ म्हटले आणि घरी जाऊन पत्नीस सांगितले की, बाबांनी भेट दिली. चार वर्षे लोटली. सासऱ्यांना दातांच्या खर्चासाठी रक्कम हवी होती, तेव्हा सासूबाईंनी सुनेजवळ विषय काढला. सून थक्क झाली. भेट म्हणून दिलेले पैसे परत मागणारी माणसे कसली, असे तिला वाटले. उसने घेऊन विसरणारी सून कसली, असे सासूबाईंना वाटले. त्या वर्षी पेसाहचा सेदेर दोन घरांत वेगवेगळा झाला आणि नातवंडे एका आजीला मुकली. यात सासू खोटी नव्हती आणि सूनही खोटी नव्हती. दोघींना दोन निराळ्या गोष्टी सांगणारा माणूस मध्ये शांतपणे बसून होता.

सासू-सुनेच्या वादात दोष सदैव दोन स्त्रियांच्या माथी मारला जातो. आईसमोर एक आणि पत्नीसमोर दुसरे बोलून उभय पक्षी भला राहणारा पुरुष ‘बिचारा’ ठरतो. तो बिचारा नव्हे. बोलण्याची जबाबदारी त्याची असते आणि तीच तो टाळतो. मुलीच्या आईवडिलांनी पैसे दिले असतील, तर हाच न्याय मुलीलाही लागू आहे.

पैशाच्या जोडीने आणखी एक देणे असते, ते तर कोणाच्याच वहीत लिहिले जात नाही. सरकारी बालवाडी तीन वर्षांच्या वयापासून आहे. त्याआधी खासगी पाळणाघराला दरमहा हजारो शेकेल मोजावे लागतात. आजी सकाळी सातपासून चार वाजेपर्यंत नातवास सांभाळते, म्हणून ते पैसे वाचतात. पुढे तीच आजी विजेच्या बिलासाठी ५०० शेकेल मागते, तेव्हा सुनेच्या कपाळाला आठी पडते. उलट बाजूही आहे. सून नोकरी करून सासऱ्यांना घेऊन कुपत होलिमच्या दवाखान्यात खेपा घालते, औषधे आणते, हिब्रू पत्रे वाचून दाखविते. त्याचाही हिशेब कोणी धरीत नाही. प्रेमाने केलेल्या कामाची किंमत करू नये हे खरे. पण ते काम झाले आहे, याची नोंद मनात ठेवावी, एवढे तरी खरे आहे की नाही?

‘घरच्या माणसांत कागद कशाला?’ हा प्रश्न वडील मंडळी विचारतात. लिहून मागणे म्हणजे अविश्वास, असे त्यांना वाटते. त्यांना मी आदरपूर्वक एकच आठवण करून देऊ इच्छिते. आपला प्रत्येकाचा संसार एका कागदापासूनच सुरू झाला. खुप्पाखाली केतुबा वाचली जाते. पती पत्नीस काय देणे लागतो, हे तीत रकमेसह लिहिलेले असते, साक्षीदारांच्या सह्या असतात आणि भर समाजासमोर ती मोठ्याने वाचली जाते. वराने प्रेम केले नाही म्हणून ती लिहिली जात नाही. प्रेम टिकावे म्हणून लिहिली जाते. जी गोष्ट पतिपत्नींत कमीपणाची नाही, ती पितापुत्रांत का असावी?

तोरातही हेच दिसते. याकोब आणि लाबान यांचे नाते जावई-सासऱ्याचे. चौदा वर्षे मुलींसाठी आणि सहा वर्षे कळपासाठी याकोबाने चाकरी केली, आणि आपले वेतन दहा वेळा बदलले, ही त्याची तक्रार होती. तो वाद शेवटी मिटला कसा? दोघांनी दगडांची रास रचून तिच्या साक्षीने करार केला, एकत्र जेवले आणि शांतपणे आपापल्या वाटेने गेले. याउलट रूथ आणि नओमी. रूथ दिवसभर शेतात सरवा वेचून जव घेऊन आली, तो तिने सासूसमोर ठेवला. कोठे वेचलेस, असे सासूने विचारले आणि सुनेने शेताच्या मालकाचे नाव सांगितले. आपण रूथच्या निष्ठेचे गुणगान करतो, परंतु त्या सायंकाळी दोघींमध्ये झालेला हा साधा, उघडा हिशेब आपल्या नजरेतून सुटतो.

आता कायद्याचे थोडे. पतिपत्नींच्या संपत्तीविषयीच्या १९७३ च्या कायद्याप्रमाणे विवाहकाळात एकाला भेट किंवा वारसा म्हणून मिळालेली संपत्ती सामान्यतः वाटणीत धरली जात नाही. परंतु ती रक्कम दोघांच्या नावावरील घरात मिसळली की, भेट एकट्या मुलाला होती की उभयतांना, आणि भेट होती की कर्ज, हा वाद उपस्थित होतो. घटस्फोटाच्या वेळी तो वकिलांच्या तोंडून ऐकावा लागतो. त्या दिवशी आठवणी उपयोगी पडत नाहीत; कागद उपयोगी पडतो.

माझी सूचना साधी आहे. पैसे द्यावयाच्या दिवशी चौघांनी, म्हणजे देणारे दोघे आणि घेणारे दोघे, एकत्र बसावे. ही रक्कम भेट आहे, कर्ज आहे की घरातील हिस्सा आहे, हे ठरवावे. कर्ज असेल तर दरमहा किती, कोणत्या तारखेपासून आणि भाववाढीशी जोडलेले की नाही, हेही लिहावे. हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. १९८४ साली या देशात भाववाढ सुमारे ४४५ टक्क्यांवर गेली होती. त्या काळात ज्यांनी विश्वासाने उसने दिले, त्यांच्या हाती परतफेडीच्या दिवशी कागदाचे तुकडे आले. वृद्धांच्या मनातील धास्ती लोभातून आलेली नाही. ती अनुभवातून आलेली आहे.

भेट द्यावयाची असेल तर ती पूर्ण भेट असावी. पैसे भेट म्हणून द्यावयाचे आणि मग स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग आपण ठरवावयाचा, हे बरोबर नाही. आणि कर्ज असेल, तर घेणाऱ्यांनी हप्ता बँकेच्या हप्त्याइतकाच पवित्र मानावा. आई दंड आकारीत नाही, म्हणून तिचा हप्ता शेवटी ठेवू नये.

आणखी एक गोष्ट आवश्यक वाटते. हा कागद दोन भाषांत असावा. आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांना मराठी सफाईने वाचता येते, पण बँकेची हिब्रू कळत नाही. आपल्या कित्येक सुना आणि जावई मोरोक्को, इराक किंवा रशियाकडील कुटुंबांतले. त्यांना मराठी येत नाही. मुलाच्या मश्कांतासाठी जामीन राहताना वडिलांनी नातवाच्या बोटाने दाखविलेल्या जागी सही करावी आणि काय लिहिले आहे ते कळू नये, ही गोष्ट आपण थांबविली पाहिजे. जामीन म्हणजे केवळ साक्ष नव्हे. मुलाने हप्ते थकविले, तर बँक वडिलांच्या दारी येऊ शकते.

मी व्यवसायाने शिक्षिका. गणिताच्या वहीत केवळ उत्तर लिहिले आणि रीत दाखविली नाही, तर आम्ही पूर्ण गुण देत नाही. मुले तक्रार करतात की, उत्तर तर बरोबर आहे. त्यांना सांगावे लागते की, रीत लिहिलेली असली म्हणजे चूक कोठे झाली ते सापडते. नसली तर सारेच गणित खोडावे लागते. संसारातही तसेच आहे.

वर सांगितलेल्या घरात पुढे एका वडीलधाऱ्या आप्ताने मध्यस्थी केली. १ लाख शेकेल भेट धरावी आणि २ लाख दरमहा २,००० प्रमाणे फेडावेत, असे ठरले. हिशेब शंभर महिन्यांचा झाला. म्हणजे आठ वर्षे आणि चार महिने. सासूबाईंनी तो कागद मराठीतून स्वतः वाचला, सुनेने हिब्रूतून वाचला, आणि मुलाने दोन्हींवर सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतात. ती मूठ परक्यांसमोर खुशाल झाकलेली ठेवावी. आपल्याच माणसांसमोर ती वेळीच उघडावी. येत्या रोश हशानापूर्वी प्रत्येक घराने एक संध्याकाळ यासाठी काढावी, अशी वाचकांना माझी नम्र विनंती आहे.