त्रिकोण किती? आधी सांगा, कुठले!

दिवाळीच्या सुट्टीआधी हॉस्टेलच्या जिन्यापाशी आम्ही रांगोळी काढली होती, आठवतेय? मोर नाही, गणपती नाही, नुसते त्रिकोण! मोठा त्रिकोण काढायचा, तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे, मधला उलटा त्रिकोण रिकामा सोडायचा आणि उरलेल्या तीन कोपऱ्यांत पुन्हा तेच. पोलंडच्या सिअरपिन्स्कीने १९१५ मध्ये मांडलेली ही आकृती. तीन पायऱ्या झाल्या आणि पैज लागली, एकूण त्रिकोण किती? हरेल त्याने सगळ्यांना ऑम्लेट-पाव.

एकजण म्हणाला २७. दुसरा ४०. मी ५३. रात्री दीडपर्यंत भांडलो.

भांडून झाल्यावर कळलं की तिघंही बरोबर होतो. रंग भरलेले छोटे त्रिकोण २७. त्यात रिकामे उलटे १३ धरले की ४०. छोटे मिळून जे मोठे सुलटे त्रिकोण बनतात तेही १३, ते धरले की ५३. हे ५३ बोटाने मोजायची गरजच नाही. दर पायरीला आधीचं अख्खं चित्र तीन कोपऱ्यांत तीनदा बसतं, वर दोन नवे येतात: बाहेरचा सगळ्यात मोठा आणि मधला उलटा. म्हणून तिप्पट अधिक दोन. १, ५, १७, ५३.

आता माझं रडगाणं. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला तेव्हा मी 'तीनचा एनवा घात' असं ठोकून दिलं आणि मार्क मिळाले. कशाचा आकडा, ते ना सरांनी विचारलं ना मला माहीत होतं. झेरॉक्सच्या नोट्समध्ये सूत्राला चौकट असते, प्रश्नाला नसते. प्रोग्रॅम लिहिणारे हसतील, पण त्यांचा लूपही सांगितलं तेवढंच मोजतो.

हे फक्त रांगोळीपुरतं आहे असं समजू नका. मी कोलशेतचा. ओहोटीला आमच्या खाडीकाठी तिवरांच्या मुळांमधून पाण्याच्या वाटा फुटतात, त्यांना आणखी बारीक वाटा. काठाची लांबी मोजायला किती लांबीची काठी घ्यायची? काठी जितकी आखूड, तितकी जास्त वळणं हाती लागतात आणि लांबी वाढत जाते. मँडेलब्रॉटने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच विचारलं होतं. महाराष्ट्राचा किनारा शाळेत आपण ७२० किलोमीटर पाठ केला. केंद्राच्या कागदांत तो ६५२.६ होता. अलीकडे जास्त बारकाईच्या नकाशांवरून पुन्हा मोजला तेव्हा ८७७.९७ भरला. मग ७२० लिहिणाऱ्या पोराचं उत्तर चूक म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. प्रश्नपत्रिकेत काठीची लांबी छापा, मग गुण कापा.

तर प्राध्यापक मंडळींना विनंती, पुढच्या वेळी 'किती' विचारताना 'कुठले' हेही विचारा. आम्ही अडखळू, पण चालेल.

पैजेचं म्हणाल तर हरलं कोणीच नाही, त्यामुळे ऑम्लेटचे पैसे तिघांत वाटले. चौथ्या पायरीला ८१, १२१ आणि १६१ यायला हवेत. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी यावं, रांगोळी माझ्याकडे उरली आहे.