दारू सोडली, पुढें काय?

महाशिवरात्रीला कुणकेश्वराची यात्रा भरते. गांवोगांवच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात, माणसांचा पूर लोटतो, आणि त्या गर्दींत एखादा गडी देवासमोर हात जोडून म्हणतो, "देवा म्हाराजा, आजपासून दारू सोडलंय." बायको मागें उभी असते. तिच्या गळ्यांत आतां काळ्या पोतीवांचून कांहीं उरलेलें नसतें. तरी तिला वाटतें, आज देवानें ऐकलें.

ती शपथ खोटी नसते, हें आम्ही आधींच सांगून ठेवतों. बोलणारा मनापासूनच बोलतो. परंतु शिवरात्रीनंतर अवघ्या पंधरवड्यानें शिमगा येतो. वाडींतलीं पोरें ढोल घेऊन दारांत उभीं राहतात आणि कोणीतरी पेला पुढें करून म्हणतो, "घे रे, एका घोटान काय्येक होवचा नाय!" त्या क्षणीं ह्या गड्याजवळ कोण असतें? देव देवळांत, बायको चुलीपाशीं, शपथेचे साक्षीदार आपापल्या घरीं. तो एकटा असतो, आणि दारू मात्र दहा जणांच्या तोंडून बोलत असते. तो घोट घेतो. दुसरे दिवशीं सारा गांव म्हणतो, "ह्याची जातच तशी!"

वाचकहो, आम्हांला राग येतो तो ह्या वाक्याचा. गाबताचा पोर प्यायला तर जात वाईट, शेतकरी प्यायला तर अक्कल नाहीं, आणि शिकलेला साहेब बंगल्यांत प्यायला तर त्याला 'आजार' झाला! आम्ही विचारतों, आजार असेल तर तो सर्वांनाच आजार कां नाहीं? दारूला पगार आणि जात कळत नाहीं. वर्षानुवर्षें पिणाऱ्याच्या मेंदूला तिची गरज लागते. प्यालें नाहीं तर हात कांपतात, घाम सुटतो, झोप उडते. म्हणून फार पिणाऱ्यानें एकाएकीं सोडली तर आकडी येऊं शकते, भ्रम होतो, जीवही जातो. अशा माणसाला कोंडून ठेवूं नका, दवाखान्यांत न्या.

पण दवाखाना म्हणजे शेवट नव्हे, आणि आमच्या लोकांची फसगत होते ती येथेंच. अंगांतली दारू थोड्या दिवसांत उतरते. मनांतली उतरायला वर्षें लागतात. गडी महिना सवा महिना केंद्रांत राहून येतो, अंगानें भरतो, घरांत गोडधोड होतें, आणि घरचीं म्हणतात, "सुटला एकदांचा!" नाहीं बाबांनो, तो सुटला नाहीं. तो आतां कुठें होडींत बसला आहे; समुद्र पुढेंच आहे. त्याची होडी तीच, तांडेल तोच, रापण ओढून झाल्यावरची बैठक तीच.

आमच्या किनाऱ्यावरचें वर्षच पाहा. शिमग्यांतून वांचला तर आंब्याचा हंगाम येतो, पेट्या जातात, हातांत पैसा खुळखुळतो. त्यांतून वांचला तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, हातांना काम नाहीं, बाहेर पाऊस. त्यांतच आषाढाची अमावास्या, जिला लोकांनीं गटारी करून टाकलें आहे. मग चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी येतात, आणि एखाद्याच्या बॅगेंत गणपतीच्या सामानाबरोबर बाटलीही असते. हीं सारीं वळणें एकटा माणूस नुसत्या शपथेवर कशीं पार करील? सुकाणूं धरणारा कितीही तरबेज असो, खडक कोठें आहेत हें सांगणारा कोणी नको काय?

हें सांगणारा म्हणजेच समुपदेशक. शब्द बोजड आहे, काम साधें आहे. तो उपदेश करीत नाहीं. उपदेश तर दारुड्याला सारा गांव फुकट करतो. तो समोर बसून विचारतो : तहान कधीं लागते? कोणाबरोबर? पैसे हातीं आले कीं, भांडण झालें कीं, एकटें वाटलें कीं? मग दोघे मिळून ठरवितात कीं शिमग्याच्या रात्रीं कोठें थांबायचें, पेला पुढें आला तर कोणत्या शब्दांत नाहीं म्हणायचें, आणि कमाई कोणाच्या हातीं द्यायची. आणि पाय घसरलाच, तर दुसरे दिवशीं सकाळीं तोंड लपविण्याऐवजीं कोणाकडे जायचें, हेंही ठरवून ठेवतात. घसरणें म्हणजे बुडणें नव्हे. घसरलेल्याला हात मिळाला नाहीं, तरच तो बुडतो.

"हें मोठ्या विद्वानांचें काम, आमच्या खेड्यांत कोण करणार?" असें कोणी म्हणेल. विद्येवर मूठभरांचा मक्ता आहे, हीच ती जुनी थाप! आम्ही उदाहरणेंच देतों.

अमेरिकेंत अॅक्रन गांवीं १९३५ सालीं दोन दारुडे एकमेकांना भेटले. त्यांतला एक तर स्वतः शस्त्रवैद्य होता. त्याचें वैद्यक त्याच्या उपयोगीं पडलें नाहीं. उपयोगीं पडलें तें दुसऱ्या दारुड्याचें बोलणें. त्या भेटींतून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस निघाली. तिच्या सभा १९५७ पासून मुंबईंत आहेत. तेथें फी नाहीं, जात नाहीं, आडनांवही विचारीत नाहींत.

पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण काढलें. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं त्याला पैशाचें पाठबळ दिलें. तेथून बरे झालेले कितीतरी जण तेथेंच दुसऱ्यांना सांवरण्याचें काम करतात. बायकांसाठींही तेथें निराळी बैठक आहे, कारण ज्या घरांत बाटली शिरते, तेथें आजारी एकटा नसतो.

आणि शेजारच्या गोव्याचें ऐका. तेथें संगत ह्या संस्थेनें ह्या कामाचें आधीं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसविलें. पुरुषांशीं फार तर चार बैठका. तीन महिन्यांनीं मोजलें, तेव्हां समुपदेशन मिळालेल्यांत शेंकडा ४२ जण आदल्या चौदा दिवसांत दारूला शिवले नव्हते. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले, त्यांत शेंकडा १८. वर्षानें पाहिलें तर ४५ आणि २६. हे आंकडे २०१७ सालीं वैद्यकाच्या नांवाजलेल्या मासिकांत छापून आले. हे लोक अपायकारक पिणारे होते, पुरते आहारीं गेलेले नव्हते, हें आम्ही लपवीत नाहीं. आहारीं गेलेल्याला आधीं वैद्य आणि मग सोबत, तीही लांबची, लागते. पण शिकविलें तर आपल्यांतलाच माणूस हें काम करतो, हें तर सिद्ध झालें!

मग आमच्याकडे काय चाललें आहे? सरकारनेंच २०१९ सालीं प्रसिद्ध केलेली देशाची पाहणी सांगते कीं, दारूच्या आहारीं गेलेल्या दर ३८ जणांपैकीं एकालाच कांहीं उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या बायकांनीं कोणाच्या दारीं जावें? तीं दारें ठरलेलीं आहेत : अंगारा देणारा, लिंबू उतरविणारा, आणि 'कळूं न देतां दारू सोडवा' अशी पाटी लावून पुड्या विकणारा. आयाबायांनो, हात जोडून सांगतों, चहांत चोरून पुडी घालूं नका. दारूशीं वैर करणारें औषध त्यांत असेल आणि वर नवरा प्यायला, तर ओकारी होते, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततें. तें औषध डॉक्टरच्या देखरेखीखालीं, घेणाऱ्याला सांगूनच द्यायचें असतें.

जोतीराव फुल्यांनीं १८८० सालीं पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांना हरकत घेतली. गरिबाचें घर कोठें गळतें हें त्यांना ठाऊक होतें. दुकान बंद करा ही मागणी आमचीही आहे. परंतु दुकान बंद झाल्यावरही माणसाचा हात कांपतोच. तो हात कोण धरणार?

म्हणून आमचें मागणें रोखठोक आहे. आरोग्य उपकेंद्रांतून समुपदेशन शिकलेला एकेक माणूस द्या, आणि तो आमच्याच वाडींतला, आमची बोली बोलणारा द्या. केंद्रांतून परतलेल्याची वर्षभर चौकशी व्हावी, असा ठराव ग्रामसभेंत करा. तो होईपर्यंत फोन उचला : व्यसनासाठीं १४४४६ आणि मनाच्या आजारासाठीं १४४१६, दोन्हीं सरकारी आणि फुकट. ज्यांनीं स्वतः सोडून वर्षें काढलीं, त्यांनीं लाज सोडून नव्यांच्या शेजारीं बसावें. त्यांच्याएवढा जाणता दुसरा कोणी नाहीं. तांडेलानें बैठकींत चहाची किटली ठेवावी. बागायतदारानें मजुरी पैशांतच द्यावी, बाटलींत नव्हे.

कुणकेश्वराला हात जरूर जोडा. देवाशीं आमचें भांडण नाहीं. पण शपथ घेऊन पायऱ्या उतरणाऱ्या गड्याला घरापर्यंत एकटें जाऊं देऊं नका. शिवरात्रीच्या दिवशीं त्याच्याबरोबर चालायला सारेच येतात. शिमग्याच्या रात्रीं त्याच्या दारीं जाऊन बसेल, तोच त्याचा खरा भाऊबंद.