घरशाळा चांगलीच, पण माझ्या वर्गातल्या मुलांचं काय?



गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या वर्गातल्या, तिसरीतून चौथीत गेलेल्या एका मुलीची आई शाळेत आली. "बाई, दाखला पाहिजे," म्हणाली. मला वाटलं, इंग्रजी माध्यमात घालणार असतील. जिल्हा परिषदेच्या शाळेला हा अनुभव काही नवा नाही. पण ती म्हणाली, "कुठल्याच शाळेत नाही घालणार. घरीच शिकवणार आहे."

मी लगेच समजावायला लागले. सहा ते चौदा वर्षं, शिक्षण हक्क कायदा वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रागावू नका बाई. मागच्या वर्षी ती कढीपत्त्याच्या पानावर एक अळी घेऊन आली होती. तुम्ही म्हणालात, ती घाण बाहेर टाक आणि हात धुऊन ये. आणि त्याच आठवड्यात तुम्ही फुलपाखराचा पाठ घेतलात, फळ्यावर चित्र काढून."

मला तो प्रसंग आठवतच नव्हता. आणि तेच मला जास्त लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर कापलेल्या बाटलीचं पर्जन्यमापक होतं. अंगणात एक काठी रोवलेली, तिच्या सावलीच्या टोकाला दर तासाला ठेवलेले खडे. एका वहीत तारखा घालून नोंदी: आज मटकीला मोड आला, आज अळीने कात टाकली. मुलगी मला सांगत होती, "बाई, लहान असताना ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिला कोणी खात नाही. मग हिरवी होते. हात लावला की डोक्यामागून केशरी शिंगं काढते, घाण वास येतो." डी.एड. करून मला चौदा वर्षं झाली. ही शिंगं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

म्हणून मी आधी स्पष्ट सांगते: जे पालक मुलांना घरी, हाताने करून विज्ञान शिकवतात, ते वेडे नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेचा स्पष्ट उल्लेख नाही, पण पुढे एनआयओएसमार्फत किंवा राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मवर दहावीची परीक्षा देता येते. वाट अवघड आहे, पण बंद नाही.

तरीही मला दोन गोष्टी टोचतात.

पहिली, निघताना ती मुलगी म्हणाली, "बाई, आता माझ्या जागेवर कोण बसतं?" तिच्याकडे वही होती, अळी होती. पण "ए, बघ बघ!" म्हणून ज्यांना दाखवायचं, ती पोरं नव्हती. निरीक्षण एकट्याने होतं, पण वाद घालायला दुसरं कोणीतरी लागतं.

दुसरी गोष्ट मोठी आहे. त्या आईकडे रोज दोन-तीन तास आहेत आणि तिचं बी.एस्सी. झालं आहे. माझ्या वर्गात २६ मुलं आहेत. बहुतेकांचे आई-वडील सकाळी सातला मजुरीला जातात. त्यांच्यासाठी घरशाळा हा पर्यायच नाही. हाताने करून बघायचं विज्ञान त्यांना शाळेत मिळालं नाही, तर कुठेच मिळणार नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची. डी.एड.ला आपण सगळ्यांनी हे पाच मार्कांसाठी पाठ केलं. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब आणि टाकाऊ बाटल्यांतून विज्ञान करून दाखवलं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत. पैसे लागत नाहीत हे आपल्याला माहीत आहे. आपण करत नाही, एवढंच.

यंदा मी सुरुवात केली. एक खोकं, त्यावर जुन्या ओढणीचं कापड. कढीपत्त्याची किंवा लिंबाची ताजी पानं रोज घालायची. बाजारची पानं नकोत, त्यांवर फवारणी असते. अळी ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं द्यायची. फुलपाखरू बाहेर आलं की पंख वाळू द्यायचे आणि सोडून द्यायचं. साधारण महिनाभराचं काम.

पहिली अळी मेली. पोरं रडली. नंतर बाहेरून आणलेल्या एका कोषाला बारीक भोक पडलं आणि फुलपाखराऐवजी गांधीलमाशीसारखे चिमुकले कीटक निघाले. पुस्तकातल्या चित्रात तर असं काही नाही! मुलांनी विचारलं, "असं कसं बाई?" मी म्हणाले, "मला माहीत नाही. शोधू या." वर्गात हे वाक्य मी बहुधा पहिल्यांदाच बोलले. दोन दिवसांनी कळलं, की काही बारीक गांधीलमाश्या दुसऱ्याच्या कोषात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतून कोष खाऊन वाढतात. त्या दिवशी मुलांनी विचारलेले प्रश्न मी फळ्यावर लिहिले, तर फळा पुरला नाही.

अभ्यासक्रम मागे पडला का? आठवडाभर पडला, खरं सांगते. पण परिसर अभ्यासाचा तो पाठ मला परत शिकवावा लागला नाही.

पालकांना एवढंच सांगेन: मुलाला शाळेतून काढायची गरज नाही. भाजी निवडताना सापडलेली अळी लगेच फेकू नका, दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसा. आणि शिक्षकांनो, मूल मुठीत काही घेऊन आलं, तर आधी मूठ उघडायला सांगू. हात धुवायला नंतरही पाठवता येतं.

त्या मुलीचं नाव आता माझ्या हजेरीपटावर नाही. पण शनिवारी तिची आई तिला तासभर वर्गात घेऊन येते. ती वही आणते, आमची पोरं खोकं पुढे करतात आणि मग मोठा वाद सुरू होतो.