'मीच त्यांच्याकडून शिकलो' म्हणजे नेमके काय?

दिवाळी अंकांत आणि रविवारच्या पुरवण्यांत एक लेखनप्रकार बरीच वर्षे सुखेनैव नांदतो आहे. समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही, म्हणून त्याला नावही नाही. सोयीसाठी आम्ही त्याला 'सेवानुभव' म्हणतो. सुशिक्षित निवेदक वस्तीवर, पाड्यावर किंवा ऊसतोडीच्या तळावर शिकवायला जातो. आरंभी संकोच, मग एका मुलाचे हसू, मग एका प्रौढ स्त्रीने थरथरत्या हाताने लिहिलेले स्वतःचे नाव आणि तिच्या डोळ्यांतले पाणी. शेवटी ते ठरलेले वाक्य: 'मी त्यांना काय शिकवणार? मीच त्यांच्याकडून शिकलो.' काय शिकलात, हे मात्र एकाही लेखात सापडत नाही. शिकलेल्या गोष्टीचा तपशील देता येत नसेल तर ते वाक्य नम्रतेचे नसून आळसाचे आहे, असे आमचे मत आहे.

या प्रकाराची एक आफ्रिकन आवृत्तीही आहे. परदेशस्थ मराठी कुटुंबातला तरुण सुट्टीत काही आठवडे केनियात किंवा टांझानियात शिकवायला जातो आणि परतल्यावर 'आफ्रिकेतले दिवस' लिहितो. पन्नासहून अधिक देशांचे ते खंड लेखात एका गावाएवढे होऊन बसते. त्या गावाला नाव नसते, मुलांच्या भाषेला तर नसतेच. घरी ती मुले किस्वाहिली बोलत होती की गिकुयू, हा प्रश्न शिकवणाऱ्याला पडू नये?

दुसऱ्यांवर दगड मारण्याआधी आमचे काच सांगितले पाहिजे. अहिल्यानगरला लागून असलेल्या केडगावात (जिभेवर अजून 'नगर'च येते) आम्ही काही शिक्षक-प्राध्यापक संध्याकाळचा वर्ग चालवतो. हे केडगाव पुणे रस्त्यावरचे, रेणुकामातेचे. पंडिता रमाबाईंचे केडगाव दौंड तालुक्यातले. हा खुलासा आम्हाला इतक्यांदा करावा लागतो की आता त्याचा राग येत नाही. पत्र्याच्या खोलीत एका बाजूला मुले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या आया. बायकांपैकी बहुतेक बांधकामावर जाणाऱ्या, काही धुणीभांडी करणाऱ्या. या वर्गावर आम्हीही एक सेवानुभव लिहिला, तो एका अंकात छापून आला आणि आम्ही तो अंक मोठ्या उत्साहाने वर्गात नेला.

एका बाईंनी तो हातात घेतला आणि अक्षर जुळवत वाचायला सुरुवात केली. दोन पाने वाचायला तीन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी अंक मिटून त्या म्हणाल्या, 'सर, नाव तेवढं बदललं. नवरा, कर्ज, खोली सगळं माझंच ठेवलं. मग गल्लीत कुणाला कळायचं राहिलं?' थोड्या वेळाने पुन्हा: 'आणि मी रडले नव्हते.'

आम्ही उत्तर दिले नाही, कारण नव्हते. रडण्याचे वाक्य आम्ही का घातले, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. त्या जागी असे वाक्य यावे लागते. लेखनप्रकाराने ते आमच्याकडून लिहवून घेतले, असे म्हणून सुटता येईल. पण आम्ही साहित्य शिकवतो. संकेताचे दडपण ओळखायला इतरांना शिकवणाऱ्यांनी ती सबब वापरू नये.

मूळ दोष असा की या लेखनात शिकणारा माणूस विषय असतो, वाचक कधीच नसतो. ज्याला आपण वाचायला शिकवतो आहोत तो एक दिवस हेही वाचेल, ही साधी शक्यता लेखकाच्या मनात नसते. म्हणजे आपल्या शिकवण्यावर त्याचाच विश्वास नसतो.

हे आजचे नाही. आफ्रिका दूर आहे असे मानणाऱ्यांसाठी नाशिकच्या शरणपूरचे उदाहरण पुरेसे आहे. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला ठेवली जात. अक्षरांबरोबर त्यांना कारागिरी शिकवली जाई. पुढे त्यांतले काही लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात सामील झाले. इंग्रजी दप्तरात त्या सगळ्यांचे एकच नाव, 'नासिक बॉइज'. मोठे झाल्यावरही पोरेच. त्यांच्यातला जेकब वेनराइट लिहिणारा होता. १ मे १८७३ रोजी लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय तिथेच पुरताना प्रार्थना वेनराइटने वाचली, झाडावर अक्षरे त्याने कोरली आणि रोजनिशीही ठेवली. मृतदेहाबरोबर इंग्लंडला गेलेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीजवळ असलेला तोच. लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या नोंदी त्याच वर्षी ग्रंथरूपाने वाजतगाजत आल्या. वेनराइटची रोजनिशी त्या वर्षी छापली गेली ती जर्मन भाषांतरात, एका भूगोलविषयक नियतकालिकात. शाळेने त्याला लिहायला शिकवले, पण त्याने लिहिलेले वाचण्याची घाई कुणाला नव्हती. आमच्या साहित्याच्या अभ्यासक्रमात तरी तो कुठे आहे? गोदाकाठी शिकलेला माणूस आहे हा.

याउलट केनियातले कामिरिथू घ्या. १९७६ साली गावातली एक स्त्री न्गुगी वा थिओंगो यांच्या दारी आली. तुम्ही शिकलेले, पुस्तके लिहिणारे, त्यातले थोडे गावाला द्या, अशी तिची मागणी होती. एका फेरीत काम झाले नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा आली. सेवानुभवात नेहमी शिकवणारा जातो. इथे शिकू पाहणारी बोलवायला आली. प्रौढ साक्षरतेचा वर्ग सुरू झाला तो गिकुयूत, लोकांच्या भाषेत. मग त्याच लोकांनी नाटक करायचे ठरवले. न्गुगी वा थिओंगो आणि न्गुगी वा मिरी यांनी संहिता लिहिली, पण तालमीत शेतकरी आणि मजूर संवाद दुरुस्त करत. म्हातारी माणसे असे बोलत नाहीत, हे गावाने विद्यापीठाला सांगितले आणि विद्यापीठाने ऐकले. 'न्गाहिका न्देंदा' १९७७च्या ऑक्टोबरमध्ये रंगमंचावर आले. नोव्हेंबरात सरकारने परवाना काढून घेतला आणि वर्षअखेरीस न्गुगींना खटल्याविना तुरुंगात टाकले. १९८२ साली ते खुले नाट्यगृहही पाडले. साक्षरता वर्गाला सत्ता इतकी घाबरली, याहून मोठे प्रशस्तिपत्र आम्हाला माहीत नाही. आमच्या वर्गाला कुणी घाबरत नाही. पाहुणे येतात आणि फोटो काढतात.

आणि इतके लांब जाण्याचीही गरज नाही. सिंथिया फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा जोतीरावांनी पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरार यांच्याकडेच घेतले. त्या फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापला गेला. 'ज्ञानोदय' निघाले तेही १८४२ साली नगरलाच. एका किशोरवयीन मुलीने धर्म, शास्त्रे आणि पेशवाई यांना जाब विचारला होता. तिच्यावर कुणी हळवा लेख लिहून त्यात तिला रडवले नाही, तिचा मजकूर छापला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे एका मिशनरी पत्राला सुचले ते आमच्या वाङ्मयीन अंकांना सुचू नये, याची लाज वाटते.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. अशा अटी घातल्या तर शिकवायला कोण येईल? 'उल्लास'सारखा साक्षरता कार्यक्रम स्वयंसेवकांच्याच बळावर उभा आहे. त्यांचे कौतुक करायचे की त्यांच्या गद्याची चिरफाड? खरे सांगायचे तर कौतुकावाचून शिकवणारे आम्ही पाहिले आहेत. ते येतात, खडू घेतात, फळा पुसतात, जातात. त्यांना लेख लिहायचा नसतो. जो लेखासाठी येतो तो लेख झाल्यावर जातोच, आणि मुले पुन्हा बाराखडीच्या त्याच पानावर नव्या माणसाची वाट पाहतात. आमच्या वर्गातल्या एका मुलाने नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी विचारले होते, 'तुम्ही किती दिवस?'

प्रस्तुत लेखाचा मसुदा आम्ही वर्गात वाचून दाखवला. बाईंविषयीचे चार तपशील त्यांनी काढायला लावले, ते काढले आहेत. त्यांचे बोलणे राहू द्या म्हणाल्या. 'मागच्या वेळचं खोडून छापायला सांगा की,' असेही म्हणाल्या. आम्ही त्या संपादकांना पत्र लिहिले असून उत्तर आलेले नाही. स्वतः काही लिहिणार का, असे विचारल्यावर त्यांनी आधी वही मागितली, एकेरी रेघांची. दुरेघी आता नको आहे.