पुडीबद्दल बोलायला हवं!

आपल्याकडे बाईचे दोन दवाखाने असतात. एक सरकारी, दुसरा घरचा. सासूबाईंनी सांगितलेला काढा, शेजारणीने दिलेलं चूर्ण, आठवडी बाजारातून आणलेली जडीबुटीची पुडी, हे सगळं ती घेत असते. पण केसपेपर काढून डॉक्टरांसमोर बसली की यातलं चकार अक्षर काढत नाही. डॉक्टर रागावतील अशी भीती. आणि डॉक्टरांना विचारायला सवड नाही, कारण बाहेर रांग लागलेली. भोकरदन असो की मंठा, अंबड असो की घनसावंगी, चित्र फारसं वेगळं नाही.

आयुर्वेद, होमिओपॅथी सरकारी दवाखान्यात आणण्याची भाषा जुनीच आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हाच ‘आयुष’ला मुख्य प्रवाहात आणायचं ठरलं. २०१४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्रीय मंत्रालय झालं. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि आपल्या राज्यात तिथे बीएएमएस झालेली कितीतरी मुलं-मुली सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन समुदाय आरोग्य अधिकारी झाली. चांगलंच झालं. गावात कुणीतरी शिकलेलं माणूस आलं. पण एमबीबीएस डॉक्टर खेड्यात यायला तयार नाहीत म्हणून बीएएमएस नेमायचे, याला दोन उपचारपद्धतींचा मेळ म्हणायचं का? ही तर नुसती रिकामी खुर्ची भरणं झालं.

खरा मेळ कशात आहे, ते रक्ताच्या कमतरतेवरून पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. लोखंडी सळ्यांसाठी देशभर नाव असलेलं जालना याच राज्यात आहे, मैत्रिणींनो! गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोहाची लाल गोळी रोज घ्यायची असते. पण गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं. मग गोळ्या डब्यातच राहतात आणि बाई ‘गावठी, पण सोसणारं’ औषध शोधते.

गंमत म्हणजे आशाताईंच्या औषधपेटीसाठी सरकारनेच कधीकाळी पुनर्नवादी मंडूर ठरवून दिलं होतं. मंडूर म्हणजे तरी काय? लोखंडाचंच भस्म! म्हणजे वाद लोहाचा नाहीच. कुणाला काय, किती आणि केव्हा द्यायचं, एवढाच प्रश्न आहे. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेल्या गरोदर बाईला कुठल्याही चूर्णावर ठेवता येणार नाही, तिला मोठ्या दवाखान्यातच न्यायला हवं. पण गोळी का सोसत नाही हे नीट ऐकून घेणं, ती चहासोबत घेऊ नको असं सांगणं, बाजरी, पालेभाजी आणि लिंबाचं जेवण समजावणं, हे काम आयुर्वेद शिकलेली डॉक्टर फार चांगलं करू शकते.

आणि जे गावठी ते निरुपद्रवी, हा समजही सोडायला हवा. ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो. साखरेच्या गोळ्यांसोबत रोज कारल्याचा रस घेतला तर साखर एकदम उतरू शकते. अमेरिकेत २००४ मध्ये दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. पोटात बाळ असताना शिसं जाणं किती वाईट, हे वेगळं सांगायला नको. बिनलेबलाच्या पुडीत काय आहे, हे तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक केसपेपरवर एक ओळ असावी: ‘याशिवाय आणखी काय घेता?’ आयुषच्या खोलीतली नोंद आणि शेजारच्या खोलीतली नोंद एकाच कागदावर यावी. आयुषचा डॉक्टर नेमला तर त्याच्या कपाटात तपासून आलेली औषधंही असावीत. आणि कुठलंही औषध असो, बाईला त्रास झाला तर तो लिहून घ्यावा, तिच्यावर खेकसू नये.

हे होईल तेव्हा होईल. तोवर दवाखान्यात जाताना घरातली पुडी, बाटली, डबी पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावले तर रागावू द्या. सोबतच्या सुनेलाही हेच सांगा.