श्रोते घडविण्याची जबाबदारी

पुण्यातील सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे दिवस जवळ आले की एक ठरावीक खंत ऐकू येऊ लागते. मंडपात पिकलेल्या केसांची संख्या वाढत चालली आहे, चौदा-पंधरा वर्षांची मुले अभिजात संगीताकडे फिरकत नाहीत, आणि आणखी वीस वर्षांनी या बैठकांसमोर बसणार कोण, असा प्रश्न विचारला जातो. खंत प्रामाणिक असते. पण तिचा रोख बहुधा चुकीच्या दिशेला असतो. मुलांची अभिरुची बिघडली, भ्रमणध्वनीने त्यांचे चित्त विचलित केले, असा निवाडा देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. ज्या मुलांना त्या मंडपात कोणी घेऊनच गेले नाही, ती तेथे आली नाहीत म्हणून त्यांना दोष देणे हे न्यायाचे नव्हे.

या महोत्सवाचा इतिहासच या बाबतीत बोलका आहे. तो ज्यांनी सुरू केला त्या भीमसेन जोशी यांनी गुरूच्या शोधात गदगचे घर सोडले ते 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी ध्वनिमुद्रिकेवर कानी पडली आणि आपल्याला असे गाता आले पाहिजे, या एका ध्यासाने हा मुलगा ग्वाल्हेर, कलकत्ता असा भटकत जालंधरला पोहोचला. 1875 पासून चालत आलेले हरवल्लभ संगीत संमेलन भरते ते याच गावी. त्या संमेलनासाठी आलेल्या विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला घराजवळच असलेल्या सवाई गंधर्वांकडे जाण्याचा सल्ला दिला. 1936 मध्ये ही तालीम सुरू झाली तेव्हा भीमसेन चौदा वर्षांचे होते. ज्या वयाला आज ‘याला काय कळणार’ म्हणून घरी ठेवले जाते, त्याच वयात एका संगीतमेळ्याने एका आयुष्याला दिशा दिली. प्रत्येक मुलाच्या अंगी असा ध्यास असतो असे नाही. पण कानावर सूर पडण्याची संधी मिळाल्यावाचून तो कोणाच्या अंगी आहे आणि कोणाच्या नाही, हे ठरायचे तरी कसे?

सवाई गंधर्वांचे 1952 मध्ये निधन झाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ या महोत्सवाला प्रारंभ झाला. पुढे अनेक वर्षे तो रात्रभर चालत असे. सतरंज्या, शाली, घरून आणलेले डबे आणि पहाटेचा चहा यांसह कुटुंबेच्या कुटुंबे मंडपात मुक्कामाला येत. मुले गाणे सुरू असताना पेंगत, मध्येच जागी होत, आणि तबल्याच्या लग्गीने किंवा एखाद्या लखलखीत तानेने सावध होऊन पुन्हा आडवी होत. त्यांना रागाचे नाव कोणी शिकवले नाही की तालाच्या मात्रा कोणी मोजायला लावल्या नाहीत. तरीही उत्तररात्रीच्या मालकंसाचा आणि पहाटेच्या ललताचा रंग वेगळा असतो, हे त्यांच्या कानांत मुरले. संगीताचे शिक्षण म्हणतात ते याहून फार वेगळे नसते.

ती व्यवस्था आता राहिलेली नाही. 2000 साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यावर बंदी आली. वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना नंतर मिळाला; रात्रभराची बैठक मात्र संपली. आजारी माणसाच्या झोपेचा हक्क रसिकाच्या आनंदाहून मोठा आहे, हे मान्य केल्यावर या नियमाविरुद्ध तक्रार करण्यात अर्थ नाही. दरबारीचे गांभीर्य आणि भैरवाची पहाट या महोत्सवापुरती दुर्मीळ झाली, ही हानी खरीच. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. महोत्सव दुपारी सुरू होऊ लागल्याने भीमपलासी, मुलतानी, पूरिया धनाश्री, मारवा अशा दिवसाच्या आणि तिन्हीसांजेच्या रागांना जागा मिळाली. शिवाय रात्री दहाच्या सुमारास घरी परतता येत असल्याने मुलांना बरोबर घेऊन जाणे पूर्वीपेक्षा सोयीचे झाले. म्हणजे जागरणाची सबब नियमाने काढून घेतली आहे. तरीही मुले दिसत नसतील, तर कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

ते कारण मध्यमवर्गीय घराच्या वेळापत्रकात सापडते. डिसेंबर म्हणजे सराव परीक्षांचे आणि शिकवणी वर्गांच्या जादा तासांचे दिवस. दहावीच्या मुलाने चार संध्याकाळी गाणे ऐकण्यात घालवाव्यात, ही कल्पनाच अनेक पालकांना उधळपट्टी वाटते. त्याच घरातून मूल शास्त्रीय गायनाच्या परीक्षांना मात्र नेमाने बसवले जाते, कारण शास्त्रीय कलांतील प्रावीण्याबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात. गाणाऱ्याला गुण आणि ऐकणाऱ्याला काहीच नाही, असा हा व्यवहार आहे. ऐकण्याला गुण द्यावेत अशी मागणी करण्यात हशील नाही. तसे झाले तर त्याचेही वर्ग निघतील. पण जे मूल प्रमाणपत्रासाठी यमनाची बंदिश घोकते आणि तोच यमन कोणा समर्थ गायकाकडून तासभर ऐकत नाही, त्याच्या हाती कागदापलीकडे काय येते, याचा विचार पालकांनी करायला हवा.

याच्या उलट टोकाचा दोष संस्काराच्या नावाखाली घडतो. मुलाला पहिल्या दुपारपासून अखेरच्या भैरवीपर्यंत खुर्चीला खिळवून ठेवायचे, त्याने चुळबूळ केली की डोळे वटारायचे आणि परतीच्या वाटेवर रागाचे नाव विचारून त्याची परीक्षा घ्यायची, अशाने आवड निर्माण होत नाही. असा पाच दिवसांचा कारावास भोगलेले मूल पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. विलंबित ख्यालाला धीर लागतो आणि धीर सक्तीने येत नाही. अनेक दिवसांच्या महोत्सवाचे खरे बळ हेच की तेथे सर्व काही ऐकण्याचे बंधन नसते. आज कंटाळा आला तर उठून बटाटेवडा खावा, पुस्तकांच्या दुकानात डोकवावे, सतारीच्या झाल्याचा आवाज आला की परत यावे. काल न रुचलेला घाट आज दुसऱ्या कंठातून रुचतो. एका घराण्याचा संथ विस्तार आणि दुसऱ्याची लयकारी यांतील अंतर लागोपाठ ऐकल्यानेच ध्यानात येते. दीड तासाच्या सुट्या मैफलीत हे साधत नाही. पालकांनी स्वतः मन लावून ऐकावे, एवढेच पुरेसे आहे. आपले आईवडील एका सुरासाठी डोळे मिटून स्तब्ध होतात, हे दृश्य मुलाला कोणत्याही उपदेशाहून अधिक सांगून जाते. आणि मुलाच्या आवडीच्या गाण्यांची टवाळी करण्याचा मोह तेवढा आवरावा.

आयोजक आणि शाळा यांनाही आपला वाटा उचलावा लागेल. 1977 मध्ये किरण सेठ यांनी सुरू केलेल्या स्पिक मॅके या चळवळीने मोठमोठे कलावंत शाळा-महाविद्यालयांत नेले आणि तरुण मन या संगीताला पारखे नाही, हे सिद्ध केले. शाळेत पेरलेले हे बीज महोत्सवाच्या मंडपात रुजायचे, तर तिथवर येण्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात हवा. शालेय विद्यार्थ्यांसाठी पुढच्या भागात स्वस्त भारतीय बैठक राखून ठेवणे अवघड नाही. पुढे बसलेल्या मुलांकडे पाहून गायकाने बंदिशीविषयी दोन वाक्ये सांगितली, तर जाणकारांचेही काही बिघडणार नाही. शाळांनी त्या आठवड्यात एखादी चाचणी पुढे ढकलली, तर शिक्षणाचे नुकसान होण्याऐवजी लाभच होईल.

2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे हा महोत्सव होऊ शकला नाही, तेव्हा मंडप सुना राहणे म्हणजे काय, याचा अनुभव रसिकांनी घेतला. साथ ओसरली आणि 2022 मध्ये स्वर पुन्हा घुमले. पण श्रोत्यांची एक पिढी तुटली, तर ती पोकळी दोन वर्षांत भरून निघणार नाही. गायक तालमीने घडतो. श्रोता सहवासाने घडतो. तो सहवास मुलांना देणे वडीलधाऱ्यांच्या हाती आहे, आणि त्यासाठी लागतात त्या वर्षातल्या तीन-चार संध्याकाळी. एवढाही वेळ काढण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी नव्या पिढीच्या अभिरुचीविषयी खंत करण्याचा अधिकार गमावला आहे, असेच म्हणावे लागेल.