परवाना कागदावर, कसोटी घाटात

मुरगाव बंदरात उतरलेले अवाढव्य यंत्र घाटमाथ्यापलीकडील कामावर पोहोचवायचे, तर प्रश्न वजनाइतकाच मापांचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा अधिक असू नये. त्याहून रुंद वाहतुकीला विशेष परवानगी लागते. मात्र परवानगीने रस्ता रुंद होत नाही. अनमोड घाटाच्या वळणावर लांब ट्रेलर समोरून येणाऱ्यांचीही बाजू व्यापतो आणि बेळगावकडे जाणारे प्रवासी खोळंबतात. जुलै २०२५ मध्ये याच घाटात रस्त्याचा भाग खचला व अवजड वाहतूक थांबवावी लागली.

घाट रुंद करा, ही मागणी सोपी आहे. पण मार्ग भगवान महावीर अभयारण्यातून जातो. याच वनपट्ट्यातील रेल्वे दुपदरीकरणाला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हिरवा कंदील दाखवला नाही.

म्हणून रस्त्याने यंत्राला नव्हे, यंत्राने रस्त्याला जुळवून घ्यावे. जहाज लागण्यापूर्वीच प्रत्येक वळण व पूल मोजावा, यंत्राचे सुटे होणारे भाग वेगळे न्यावेत, पावसाळा टाळावा. त्याचा खर्च यंत्रमालकाने सोसणे न्याय्य आहे. आज तो प्रवाशाच्या वेळेतून वसूल होतो.